बाबा उलटे बसले

अहो, आमच्या सईने यंदा शाळेची क्रिकेट टीम सोडून रोइंग घेतलं, तर माझा नवरा महेश आठवडाभर तिच्याशी बोललाच नाही. "ओपनिंग बॅटर होती माझी पोरगी!" एवढंच मला ऐकवायचा.

मग इथे अबुधाबीत तिच्या शाळेची पालक-मुलांची शर्यत आली. कोच "यल्ला!" ओरडल्या, सगळ्या बोटी सुटल्या आणि आमची जागच्या जागी फिरायला लागली. महेश सईकडे तोंड करून बसला होता!

"बाबा, टर्न अराउंड! रोइंगमध्ये बोट जाते तिकडे पाठ हवी!"

"मग पुढचं दिसणार कसं?"

"ट्रस्ट मी, बाबा!"

तो कसाबसा वळला. दोघं शेवटचे आले, घामाघूम, पण हसत.

काठावर सईने मुद्दाम विचारलं, "सो, शूड आय गो बॅक टू क्रिकेट?"

"खबरदार! आत्ता कुठे मला बसायला जमलंय."