घुर्र घुर्र

सेलूच्या मोटार स्टँडवर सुलोचना मांडीवरच्या लेकीला थोपटत मोटारीची वाट पाहत होती. शेजारच्या बाकावर एक म्हातारी, तिची बाळंतीण लेक आणि सव्वा महिन्यानं न्यायला आलेला जावई बसले होते. म्हातारीच्या कुशीतलं बाळ असं घोरत होतं, की सुलोचनेची लेकसुद्धा रडायची थांबली.

“जवाईबापू, अजून महिनाभर राहू द्या या मायलेकराले माझ्यापाशी. हे लेकरू रातभर असंच घोरते. तुमी झोपसान कवा?”

“मामीजी, मी कापसाच्या जिनात काम करतो. दिवसभर सरकी काढणाऱ्या रेच्यांचा खडखडाट ऐकतो. हे तं लहानसं मशीन आहे.”

“मंग काल तीनदा काऊन उठले?” बाळंतीण म्हणाली. “मी पाह्यलं ना.”

“आवाजानं नाई उठलो, जिजा. आवाज बंद झाला म्हणून उठलो. नाकापाशी बोट धरून बसलो. पुन्हा घुर्र झालं, तवा जीव भांड्यात पडला.”

“अगं माय! मी बी सव्वा महिना तेच करून राह्यली.”

“खरं काय, मामीजी?”

“आता कोणाच्या नाकापाशी बोट धरू मी? घरात कोण उरलं घोराले?”

“मंग तुमी बी चला आमच्यासंगं.”

“लेकीच्या घरचं पाणी पीत नाई मी, बापू.”

“लेकरू होईपर्यंतच ना ते? झालं आता लेकरू. कसं घोरून राह्यलं, पाहा!”

तेवढ्यात मोटार आली. म्हातारी बाळाला छातीशी धरून सगळ्यांच्या आधी पायरीवर चढली.

“सरका बाप्पा, सरका! बसू द्या आमाले. लेकरू झोपलं आहे.”