जर्मन बुरशी

जुनी लेन्स घ्यायची ना? मग मला विचारा. बुरशी ओळखण्यात माझा हात धरणारा कोणी नाही. ऐंशीच्या सुमारास मी लखनौला गेलो तोच मुळी बुरशीवर संशोधन करायला.

चिनहटच्या शेतांतले सारस टिपायला मला लांबची झूम लेन्स हवी होती. नवी परवडणं शक्यच नव्हतं. म्हणून आलमबागेत जुन्या कॅमेऱ्यांच्या एका दुकानात शिरलो. मनाजोगती एकच लेन्स होती, पण तीही माझ्या ऐपतीच्या जरा वरच.

जुन्या लेन्सला आतून बुरशी लागते. मी माझ्या अस्सल हिंदीत ठणकावून विचारलं, "इसमें बुरशी तो नहीं है ना?"

दुकानदार अदबीनं म्हणाले, "है क्यों नहीं, जनाब!"

काय हा प्रामाणिकपणा! मी लेन्स उजेडात धरली. काच लख्ख.

"मुझे तो नहीं दिखती."

"अंदर है, हुज़ूर. जर्मनी का है."

बुरशी, जर्मन, आणि मला दिसत नाही? मी म्हटलं, "हमें बुरशी नहीं चाहिए. दाम कम कीजिए."

त्यांनी जरा विचार केला आणि भाव थेट माझ्या खिशाला झेपेल इतका उतरवला. मी लगेच पैसे दिले.

मग त्यांनी आतून लेन्सची पेटी आणली, तिच्यातला काच झाडायचा मऊ ब्रश काढला आणि स्वतःच्या खणात ठेवला. "तो बुरुश हम रख लेते हैं. ऊँट के बाल का है, जनाब."

ती लेन्स आजही माझ्याकडे आहे. दोन्ही भाषांत बिनबुरशीची!