जुलैमधला हीटर

आभा : बाबा, दार का उघडत नाहीये? आतून काय लावलंय?

प्रल्हाद : काही नाही गं. फटीत चादर कोंबलीय. थांब, काढतो. तू एवढ्या लवकर कशी आलीस लॅबमधून?

आभा : तुम्ही फोन करून "स्क्रू-ड्रायव्हर कुठे असतो" एवढंच विचारलंत आणि ठेवून दिलात. मागच्या वेळी तुम्ही स्क्रू-ड्रायव्हर मागितलात, तेव्हा मी घरी येईपर्यंत वॉशिंग मशीन पालथं पडलं होतं.

प्रल्हाद : पण नंतर चाललं ना?

आभा : आणि सुजीत शेजारच्या खोलीत बसून काम करतोय. त्याला का नाही विचारलंत?

प्रल्हाद : जावयाला स्क्रू-ड्रायव्हर मागू? काहीतरीच तुझं. ये, आत ये. दार लाव, गारवा येतो.

आभा : बाबा... हे काय आहे?

प्रल्हाद : हीटर.

आभा : गॅसचा?

प्रल्हाद : हो. याच्या पोटातच सिलिंडर बसतो. सुटसुटीत आहे.

आभा : जुलैमध्ये? दुबईत?

प्रल्हाद : जुलै बाहेर आहे.

आभा : आत्ता पेटलेला आहे का हा?

प्रल्हाद : कुठला? तेच तर दुखणं आहे. पेटवला की छान चालतो, खोली उबदार होते, आणि मग आपला आपण विझतो. सकाळपासून हाच खेळ. आतली कसलीशी कळ सदोष आहे. ती काढून वायर सरळ जोडली की...

आभा : हात लावू नका! सिलिंडरची चावी बंद करा. आधी ती. आणि चला बाहेर, बाल्कनीत.

प्रल्हाद : अगं, मी बॉयलरवर नोकरी केलेला माणूस आहे. दीपनगरच्या वीजकेंद्रात उभी हयात गेली माझी. सगळं रीतसर केलंय. रबरी नळी नवी घातली, क्लिपा आवळल्या, प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावून बघितलं, एक बुडबुडा नाही. सिलिंडर उभा. पडदा लांब बांधला. ज्योत निळी. अजून काय पाहिजे?

आभा : बॉयलरला चिमणी होती, बाबा. आणि या खोलीला काय आहे? खिडकी कायमची बंद. दाराच्या फटीत चादर. एसीच्या जाळीवर काय चिकटवलंय ते?

प्रल्हाद : पंचा.

आभा : आणि छतावरच्या अलार्मला?

प्रल्हाद : तुझी ती आंघोळीची प्लास्टिकची टोपी. ते यंत्र उदबत्तीलासुद्धा बोंबलतं.

आभा : डोकं दुखतंय का तुमचं?

प्रल्हाद : किंचित. ते तुमच्याकडच्या चहाने असेल.

आभा : चला आधी बाहेर. सुजीत! सुजीत, हेडफोन काढ आणि घरातली सगळी दारं-खिडक्या उघड! प्रश्न नंतर!

(बाल्कनी. दुपारचं ऊन. खाली रस्त्यावर चिटपाखरू नाही.)

आभा : बसा इथे. खोल श्वास घ्या. गरगरतंय?

प्रल्हाद : नाही गं. उलट फार बरं वाटतंय. काय सुंदर हवा आहे.

आभा : पंचेचाळीस डिग्री आहे, बाबा.

प्रल्हाद : असू दे. हाडं जरा सैल झाली.

आभा : आता ऐका. तो हीटर बिघडलेला नाही. खोलीतला ऑक्सिजन कमी झाला की त्याची पायलटची छोटी ज्योत हलते आणि तो स्वतःच गॅस तोडतो. त्यासाठीच ती कळ आहे. ती काढली असतीत, तर तो जळत राहिला असता, आणि त्यातून जो विषारी वायू होतो त्याला ना वास, ना रंग. तुम्ही खुर्चीत झोपून गेला असतात. मी दार ढकलत बसले असते.

प्रल्हाद : म्हणजे तो विझायचा ते...

आभा : तुम्हाला वाचवायला. आणि तुम्ही त्याच्यामागे स्क्रू-ड्रायव्हर घेऊन लागला होतात.

प्रल्हाद : हं. वीजकेंद्रात हवेची सोय इंजिनियर बघायचे. ते मी हिशोबात धरलंच नाही. चुकलंच.

आभा : आणला कुठून?

प्रल्हाद : समोरच्या रिझवानचा. थंडीत डोंगरावर तंबू ठोकायला जातात ते, तेव्हा नेतात. त्याला म्हटलं, जुना बॉयलरवाला आहे, नुसता उघडून बघायची हौस आहे.

आभा : खोटं कशाला बोललात?

प्रल्हाद : मग काय सांगू? मुलीच्या घरी बाप कुडकुडतो म्हणून?

आभा : तुम्हाला थंडी वाजते?

प्रल्हाद : ...तशी नाही. रात्री जरा.

आभा : बाबा, तुम्ही शर्टाच्या आत स्वेटर घातलाय.

प्रल्हाद : दिसतो का?

आभा : मला वाटलं, इथे आल्यापासून तुमची तब्येत सुधारली.

प्रल्हाद : आत दोन आहेत.

आभा : म्हणून तिकीट अलीकडचं करा म्हणत होतात? "करमत नाही" म्हणालात. मला वाटलं माझ्याकडे करमत नाही. आईला फोन करून रडले मी.

प्रल्हाद : अगं वेडे! करमत नसतं तर हीटर कशाला आणला असता? माझ्या नातीच्या, सान्वीच्या वाढदिवसापर्यंत राहायचं होतं मला. म्हटलं, याने काम भागलं तर तिकिटाचं नावच काढायचं नाही.

आभा : एसी कमी करा, एवढे तीन शब्द...

प्रल्हाद : जावयाच्या घरी एसीला हात लावायचा? सुजीतरावांना गारवा लागतो. कष्ट करतात, घर त्यांचं आहे. आपण पाहुणे.

सुजीत : आभा, सगळं ओपन केलंय. आता यल्ला, चला लवकर, कुणीतरी मला सांगा काय चाललंय? मॅनेजर समोर असताना मी कॉल कट केला.

आभा : आधी तू सांग, अंगावर हे काय आहे?

सुजीत : रजई. कॅमेरा ऑफ असतो गं.

प्रल्हाद : सुजीतराव, बरं नाही का?

सुजीत : नाही बाबा, मस्त आहे. थोडं नाक चोंदलंय, बस. तुम्ही बाहेर का? इतक्या उन्हात? आत चला, आत छान कूल आहे.

आभा : एसी किती वर आहे, सुजीत?

सुजीत : अठरा. नेहमीसारखं.

आभा : नेहमीसारखं म्हणजे? बाबा यायच्या आधी चोवीस असायचं.

सुजीत : हो, पण बाबा भुसावळचे! मे महिन्यात लग्न झालं आपलं, आठवतंय? मांडवात बाबा दर पाच मिनिटांनी म्हणायचे, "उकाड्याने जीव जातोय." मी तेव्हाच ठरवलं, हे आपल्याकडे आले की त्यांना उकाडा दिसतासुद्धा कामा नये.

प्रल्हाद : मांडवात मी मुलीचा बाप होतो हो. तो घाम वेगळा.

आभा : म्हणजे तू त्यांच्यासाठी रजईत बसलायस?

सुजीत : मग? गेस्टना काय सांगणार, मला थंडी वाजते म्हणून? बॅड मॅनर्स.

आभा : आणि हे तुझ्यासाठी दोन स्वेटर घालून गॅस पेटवत होते. पंचा, चादर आणि माझी टोपी लावून. तुझ्या खोलीला लागून.

सुजीत : गॅस? इनसाइड? बाबा!

प्रल्हाद : बंद केलाय. सांधे अगदी घट्ट होते.

आभा : रोज रात्री मी दोन मोजे घालून झोपते. मला वाटायचं, तुम्हा दोघांना आवडतं तर कशाला बोला.

सुजीत : तूसुद्धा?

आभा : या घरात श्वास कोंडला की तसं सांगणारा तो हीटर तेवढा एकटा निघाला.

सुजीत : ओके. खलास. सिलिंडर बाहेर, आणि तो हीटर आज रिझवानकडे परत. मी स्वतः नेतो. बिल्डिंगमध्ये सिलिंडर अलाउडच नाहीये. आणि पंचा, चादर, टोपी, सगळं काढतो. आता बाबा, किती ठेवू?

प्रल्हाद : तुम्ही ठरवा. तुमचं घर आहे.

सुजीत : नाही नाही, तुम्ही सांगा.

प्रल्हाद : अहो, तुम्हाला सोसेल तेवढं.

सुजीत : तुम्हाला कम्फर्टेबल असेल तेवढं.

आभा : दोघांनी एकाच वेळी खरा आकडा बोलायचा. मी तीनपर्यंत मोजते. एक, दोन...

प्रल्हाद : बावीस.

सुजीत : बावीस.

आभा : खरा म्हटलं मी. बाबा?

प्रल्हाद : ...सव्वीस. पण सुजीतरावांना उकडेल.

सुजीत : बाबा, मी रजईत आहे.

आभा : सव्वीस. जा, लाव.

सुजीत : लावतो. आणि तिकिटाचं? आज रात्री चेंज करायचं होतं ना?

प्रल्हाद : राहू द्या ते. आहे तेच ठीक आहे. सुजीतराव, जरा थांबा. बोलायचं म्हणताय, तर एक बोलू?

सुजीत : बोला ना, बाबा. काहीही बोला.

प्रल्हाद : वाढदिवसापर्यंत राहायचं म्हणजे सांगून ठेवलेलं बरं. चहात साखर फार कमी पडते.