राखेचे राखणदार

(पुणतांब्यातला दवाखाना, १९४६. डॉक्टर प्रेमला सूक्ष्मदर्शकावरून मान वर करतात. समोर साखर कारखान्यात बॉयलरची राख उपसणारी गोजरबाई.)

प्रेमला : तुमच्या नखांच्या कडेला राख आहे, गोजरबाई. काळी, चकचकीत. चुलीची अशी नसते.

गोजरबाई : असंल.

प्रेमला : राखेचं काम सोडलंत म्हणाला होतात.

गोजरबाई : सोडलंयच. मुकादमानं इचारायला सांगितलं व्हय तुमाला?

प्रेमला : मुकादमाला मी ओळखतही नाही. तुमच्या थुंकीत क्षयाचे जंतू दिसले नाहीत. पेशी मात्र वाईट दिसताहेत.

गोजरबाई : पेशी? म्या न्हाई जायची पेशीला.

प्रेमला : कुठे?

गोजरबाई : माझा भाऊ निजामाच्या हद्दीत, बीडला पेशीला गेल्ता. त्यो कचेरीतनं माघारी आलाच न्हाई. म्या काय चोरलं हो, बाई?

प्रेमला : अहो, कचेरीतली पेशी नव्हे! अंगातले बारीक... राखणदार समजा. परकं काही आत शिरलं की ते गिळतात.

गोजरबाई : हे बरं हाय. मानूस बिथरलं की नवा शबूद काढायचा.

प्रेमला : मग स्वतःच बघा. एक डोळा मिटा.

गोजरबाई : ...ह्ये काळं ठिपकं?

प्रेमला : राख. राखणदाराने गिळलेली. जंतू असता तर पचवला असता. राख पचत नाही.

गोजरबाई : मंग थुकून टाकावी की मेल्यानं.

प्रेमला : ते त्याला येत नाही. तो मरतो, राख तिथेच सांडते. मग दुसरा येऊन तीच गिळतो.

गोजरबाई : त्यो बी मरतो?

प्रेमला : तोही. छाती आतून घट्ट होत जाते, म्हणून तुम्हाला दम लागतो.

गोजरबाई : औषिद?

प्रेमला : राखेपासून लांब राहणं, एवढंच. म्हणून विचारते, नखांत कुठून आली?

गोजरबाई : लुगडं धुतलं.

प्रेमला : कुणाचं?

गोजरबाई : मालनचं. लेक माझी. मुकादम म्हनला, तुझ्या जागी पोरगी धाड, न्हाईतर खोली सोड.

प्रेमला : तिला खोकला आहे?

गोजरबाई : अजून न्हाई. रोज सांजच्याला मनात येतं, उद्यापासून नगं जाऊ म्हनावं. तोंडातनं निघत न्हाई. खोली गेली तर जायाचं कुटं?

प्रेमला : खोकला आज नाही, पण तीच राख तिच्याही छातीत जातेय.

गोजरबाई : तुमी खरं बोलता का खोटं, मला उमगत न्हाई. पर डोळ्यानं बघितलं म्या.

प्रेमला : बसा जरा. पाणी देऊ?

गोजरबाई : नगं. खोली गेली तर जाऊ दे, पाथर्डीला माझ्या भनीकडं जातो आमी. मालन उद्या राखंवर जानार न्हाई.