दोन बोटींवरचं दूध

एक होता माझा लेक माधव आणि एक होती त्याची बायको कल्याणी. तंजावूर सोडून शिडाच्या बोटीवर संसार थाटायचं माधवनं मनात घेतलं. नागपट्टणमला दोन बोटी विकायला होत्या. एक नवी, घराएवढी; दुसरी जुनी, लाकडी, लहानशी.

कल्याणी म्हणाली, "आत्याबाई, बोटीवर मला नाही जमायचं. मी पापनाशमला आईकडे जाते."

मी म्हटलं, "नव्या घरात आपण आधी दूध उतू जाऊ देतो. इथंही बघू, मग जा."

मोठीवर दूध तापत होतं, तेवढ्यात लाट आली आणि पातेलं माधवच्या पायाशी पालथं झालं. लहानीतली शेगडी झोपाळ्यासारखी टांगलेली. बोट कलली तरी ती सरळच राहिली, आणि दूध सावकाश चहूबाजूंनी उतू गेलं.

"पण मोठीत फ्रिज आहे," माधव म्हणाला.

"मग फ्रिजशी संसार करा. मी हिच्यात राहते," कल्याणी म्हणाली.

आता त्यांची लेक त्याच बोटीत रांगते.