रखमाजीचं खाकरणं

मंडळी, आधी मला एक सांगा — जिवाच्या मनात एकदा भीती बसली, की ती काढता येते का? पुढच्या ओळीतले आजोबा मान हलवतायत — नाही म्हणतायत! थांबा, एवढ्यात निकाल देऊ नका. ऐका!

कुरणवाडीत रखमाजी नावाचा एक गृहस्थ. मनानं चांगला, पण रागाला आला की हात लगेच उठायचा! बायको तानूबाई. आणि घरातली तिसरी — गुणी. गुणी म्हणजे म्हैस हो! तानूबाईनं पारडी असल्यापासून लेकीसारखी वाढवलेली.

रोज सकाळी तानूबाई गोठ्यात शिरायची, बांगड्या वाजायच्या, पुढ्यात पेंड पडायची, कासेला कोमट पाणी लागायचं. पुढं पुढं काय झालं? नुसत्या बांगड्या वाजल्या, की गुणी पान्हा सोडायची! पेंड अजून घमेल्यातच! हे तिला शिकवलं कुणी? कुणीच नाही! ज्याच्यामागून जे येतं, ते जिवाला पाठ होतं.

एक दिवस तानूबाई ओट्यावरून घसरली — उजवा हात मोडला, प्लास्टर! रखमाजी म्हणाला, "धार काढायला काय अक्कल लागतीया? मी काढतो!" गेला गोठ्यात, सवयीनं खाकरला — आणि गुणीनं पान्हा चोरला! थेंब नाही!

शेजारी म्हणाले, बायकोचं लुगडं नेस. नेसला की! मृदंगवाले, हसू नका, तुमच्यावर वेळ आली नाही अजून! बांगड्या चढवल्या, त्यातल्या दोन फुटल्या. गुणीनं लुगडं हुंगलं, जरा निवांत झाली... आणि हा खाकरला! लाथ! बादली त्या कोपऱ्यात, रखमाजी ह्या कोपऱ्यात!

तानूबाई डाव्या हातानं जमेल तेवढं दूध काढायची, पण कास रिकामी होईना. एक सड कडक लागायला लागला. गुरांचे डॉक्टर म्हणाले, "औषध देतो. पण दूध असंच साचलं, तर कास कायमची जाईल." तानूबाईच्या डोळ्याला धार लागली.

मग ती नवऱ्याला म्हणाली, "अवो, गोठ्यात तुमी खाकरत आलासा, ते दर टायमाला काठी घिऊनच आलासा. तिला त्येच पाठ झालंय."

"मग काय, तोंड दाबून जाऊ?"

"न्हाई. खाकरूनच जावा. पर हातात पेंड न्या. आन धारंचं नावबी काढू नगा."

झालं! रखमाजी खाकरायचा, पेंड ठेवायचा, मागं फिरायचा. पहिल्या दिवशी गुणी भिंतीला चिकटली. तिसऱ्या दिवशी कान टवकारले. पाचव्या दिवशी हातातली पेंड चाटली! आणि सहाव्या दिवशी? शेणानं भरलेली शेपटी बसली रखमाजीच्या धुतल्या सदऱ्यावर — अन् ह्यानं दिला फटका! एकच हो, एकच! दुसऱ्या दिवशी खाकरला, तर गुणी पुन्हा भिंतीला. पाच दिवसांची माया एका फटक्यात गेली!

रखमाजीनं पेंडीचं घमेलं तानूबाईपुढं आणून ठेवलं. "तानू, माझ्यानं न्हाई व्हायचं."

"हुतंय. पुन्यांदा पयल्यापासनं."

पुन्हा खाकरणं, पुन्हा पेंड. शेपटी बसली, तरी हात खालीच! ह्या खेपेला दहाव्या दिवशी सकाळी रखमाजी दारात खाकरला — गुणीनं मान वळवली, त्याच्याकडं बघितलं... आणि हात लागायच्या आधी सडातून दूध ठिबकायला लागलं! बादली फेसानं भरली, कास मऊ झाली. रखमाजी धार काढता काढता रडला. दारात तानूबाई हसत उभी!

तर मंडळी, भीती निघते. पण बसवायला एक फटका पुरतो, आणि काढायला रोज जावं लागतं, भरल्या हातानं, राग गिळून.

आता माझं सोडा, गुणीचंही सोडा. आज घरी जाल, दारात चपला काढाल. तिथंच क्षणभर थांबा. कान द्या. तुमच्या चपलांचा आवाज ऐकून आतली लेकरं दाराकडं धावतात — की बोलता बोलता गप्प होतात?

मला सांगू नका. देवाचं नाव घ्या, आणि तुमचं तुम्ही ऐका.