मुळ्यांचा सर्व्हर

“काका, हा तुमचा नवा लॅपटॉप का?”

मैत्रिणींनी पैज लावली, म्हणून विजय नगरच्या सिटी बसमध्ये सुरभीनं विचारलंच. समोरच्या काकांच्या मांडीवर गोणपाटात अर्धवट गुंडाळलेलं जुन्या सर्व्हरचं धूड होतं. मागच्या सीटवर ईशा खिदळली.

“एकदम नवा, बेटा! सत्त्याण्णवचा!” काकाही हसले आणि शेजारच्या मित्राकडे वळले. “सियागंजच्या कबाड्याकडे मिळाला, भिया. आज माझ्या संग्रहाच्या वहीत नोंद करतो.”

“कितवा हा?”

“एकेचाळिसावा. पण झाकणाच्या आत बघ. प्रत्येक दुरुस्तीची तारीख आणि खाली सही. हृ. वि. मुळ्ये.”

सुरभीचं हसू तिथंच विरलं. बाबांची ही सही तिच्या प्रगतिपुस्तकावर असायची.

“अरे यार, दिवाळीच्या दिवशीही काम केलंय यानं!” मित्र तारखा वाचत म्हणाला.

“ऑफिस बंद झाल्यावर घरी नेला असेल.”

“मग कबाड्याकडे कसा आला?”

“घरच्यांनी अडगळ म्हणून दिला असणार.”

“त्याला न विचारता?”

“विचारलं असतं तर त्यानं देऊ दिला असता का? म्हणून ‘कोणी दिला’ हा रकाना मी रिकामाच ठेवतो. देणाऱ्याला माहीत असतं.”

सुरभीनं खिडकीकडे तोंड फिरवलं. सर्व्हर ठेवलेला कोपरा तिला टेबलासाठी हवा होता. तो गेल्यावर नाव मात्र तिनं घर रंगवायला आलेल्या पेंटर हरीभियांचं घेतलं होतं, आणि बाबांनी त्यांना पुन्हा कामाला बोलावलं नव्हतं.

घरी पोचल्यावर चपलाही न काढता ती म्हणाली, “आई, बाबा, सर्व्हर हरीभियांनी नेला नाही. मीच कबाड्याला दिला. उद्या हरीभियांच्या घरी जाऊन मी माफी मागणार. एकटीच जाणार.”